परतावा दैवाधीन, खर्च मात्र स्वाधीन

मराठी मध्यमवर्गीय घरात पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे आजही काहीसे अप्रशस्त मानले जाते. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, मुलीचे लग्न, निवृत्तीनंतरची तरतूद या विषयांची चर्चा घरात होते. परंतु ज्या गुंतवणुकीवर या साऱ्याचा भार टाकलेला असतो, ती सांभाळण्यासाठी दरसाल नेमके किती रुपये मोजावे लागतात, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारे घर वीस-पंचवीस वर्षांच्या बचतीतून प्रतिवर्षी निघून जाणारा टक्का-दीड टक्का निमूटपणे देत राहते. खरे तर निमूटपणे हा शब्दही चुकीचा आहे. आपण काही देत आहोत, याची त्या घराला कल्पनाच नसते.

सामाजिक कार्यात गुंतलेल्या कुटुंबांत ही उदासीनता अधिकच आढळते. कार्यालयाची वेळ संपली की बैठका, वर्ग, सेवावस्तीतील प्रकल्प; रविवार तर सर्वस्वी कामाचाच. अशा घरातील आर्थिक व्यवहार 'ओळखीच्या माणसा'वर सोपविलेला असतो. हा ओळखीचा माणूस बहुधा सज्जनच असतो. कधी तो नात्यातला असतो, कधी शेजारचा, कधी शाळासोबती. तो घरी येतो, चहा घेतो, अर्ज भरून देतो, सही कुठे करायची तेथे पेन्सिलीने फुली मारून आणतो आणि एक पैसाही मागत नाही. तो मागत नाही, म्हणून त्याची सेवा विनामूल्य आहे असा समज दृढ होतो. दुखणे नेमके येथे आहे.

या सेवेचा मोबदला गुंतवणूकदारच देत असतो. फक्त तो त्याच्या हातातून न जाता त्याच्या पैशातून परस्पर जातो. आयुर्विम्याचे उदाहरण घ्यावे. १९३८ च्या विमा कायद्यातील जुन्या तरतुदीनुसार पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत, काही बाबतीत ४० टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची मुभा होती. घरातील कमावत्या माणसाचे अकाली निधन झाल्यास कुटुंब उघड्यावर पडू नये, एवढ्यासाठी विमा आवश्यक आहे आणि त्यासाठी स्वस्त मुदत विमा पुरेसा असतो. परंतु 'पैसे परत मिळतात' या एका वाक्यावर महाराष्ट्रातील लक्षावधी घरांनी एंडोमेंट आणि मनीबॅक पॉलिसी घेतल्या. त्यात ना पुरेसे संरक्षण मिळाले, ना महागाईवर मात करणारा परतावा.

म्युच्युअल फंडांच्या क्षेत्रात हा हिशेब उघड्यावर येण्यास २००९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत इक्विटी योजनेत शंभर रुपये गुंतविले की सव्वादोन रुपये प्रवेशशुल्क म्हणून कापले जात आणि विक्रेत्याच्या खिशात जात. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने हे शुल्क बंद केले. त्यानंतर जे घडले ते अतिशय बोलके आहे. कालपर्यंत म्युच्युअल फंडांची शिफारस करणारे अनेक विक्रेते पाहता पाहता विमा कंपन्यांच्या युलिप योजनांचे गुण गाऊ लागले, कारण तेथे कमिशनवर गदा आलेली नव्हती. ग्राहकाच्या गरजा एका रात्रीत बदलल्या नव्हत्या. बदलले होते ते विक्रेत्याचे उत्पन्न. युलिप कुणाच्या अखत्यारीत येतात यावरून २०१० च्या एप्रिलमध्ये सेबी आणि विमा नियामक यांच्यात जाहीर तंटा झाला, जूनमध्ये केंद्र सरकारला अध्यादेश काढून तो मिटवावा लागला आणि सप्टेंबरपासून युलिपच्या शुल्कांवर मर्यादा आल्या. मधल्या काळात ज्यांनी पॉलिसी घेतल्या, त्यांना मात्र कुणी अध्यादेश काढून पैसे परत दिले नाहीत.

१ जानेवारी २०१३ पासून सेबीने आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेत 'डायरेक्ट' हा स्वतंत्र पर्याय सक्तीचा केला. योजना तीच, व्यवस्थापक तोच, शेअर तेच. केवळ मधला विक्रेता नाही, म्हणून खर्च कमी. विक्रेत्यामार्फत घेतलेल्या 'रेग्युलर' पर्यायात आणि डायरेक्ट पर्यायात इक्विटी योजनांमध्ये सामान्यतः अर्धा ते एक टक्का इतके वार्षिक अंतर असते. हा खर्च वेगळा मागितला जात नाही. दररोज जाहीर होणारे युनिटचे मूल्य खर्च वजा करूनच जाहीर होते. त्यामुळे पासबुकात वा खातेपत्रकात तो कधीही 'नावे' पडलेला दिसत नाही.

एक टक्का म्हणजे काय, हे समजून घेतल्यावाचून या विषयाचे गांभीर्य ध्यानी येत नाही. एका कुटुंबाने दरवर्षअखेरीस एक लाख रुपये याप्रमाणे पंचवीस वर्षे गुंतविले आणि दरसाल १० टक्के परतावा मिळाला असे समजू. अखेरीस सुमारे ९८ लाख ३५ हजार रुपये जमा होतील. तेच पैसे ९ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८४ लाख ७० हजार. अंतर साडेतेरा लाखांहून अधिक! म्हणजे पंचवीस वर्षांत घरातून जे पंचवीस लाख रुपये काढून ठेवले, त्याच्या निम्म्याहून मोठी रक्कम केवळ एका टक्क्याने नेली. एकरकमी गुंतवणुकीत ही दरी आणखी रुंदावते. एक लाख रुपये तीस वर्षांत १० टक्क्यांनी साडेसतरा लाखांच्या घरात जातात, ९ टक्क्यांनी सव्वातेरा लाखांवर आणि ८ टक्क्यांनी जेमतेम दहा लाखांवर थांबतात. चक्रवाढीचे गोडवे सारेच गातात. पण ती खर्चालाही तितक्याच निष्ठेने लागू होते, हे सांगायला कुणी येत नाही.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. शेअर बाजार पुढील पंचवीस वर्षांत दहा टक्के देईल की सात, हे कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही. सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. परतावा कुणाच्याच हाती नाही. खर्च मात्र पहिल्याच दिवशी, अर्ज भरतानाच ठरविता येतो. म्हणूनच दीर्घकालीन गुंतवणूक निवडताना मागील तीन वर्षांचा परतावा पाहून योजना घेण्याची जी सार्वत्रिक रीत आहे, ती उलटी आहे. आधी खर्च पाहावा.

कमी खर्चाचा हा विचार ज्या योजनेत सर्वाधिक स्वच्छ स्वरूपात उतरला आहे, ती म्हणजे निर्देशांकानुसार चालणारी योजना, अर्थात इंडेक्स फंड. निफ्टी निर्देशांकात ज्या पन्नास कंपन्या आहेत, त्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात विकत घ्यायच्या आणि धरून ठेवायच्या, एवढेच या फंडाचे काम. कोणता शेअर वर जाईल याचे भाकीत करणारा महागडा व्यवस्थापक येथे लागत नाही, त्यामुळे खर्च कमी. भारतात निफ्टी ५० वर आधारित अनेक इंडेक्स फंडांच्या डायरेक्ट पर्यायाचा वार्षिक खर्च पाव टक्क्याच्या आतबाहेर, काहींचा त्याहूनही कमी आहे.

बुद्धिमान व्यवस्थापकापेक्षा हा यांत्रिक फंड सरस कसा ठरेल, हा स्वाभाविक प्रश्न आहे. त्याचे उत्तर अर्थशास्त्राचे नोबेल मिळविलेले विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एका छोट्या लेखात दिले आणि ते अंकगणिताचे उत्तर आहे. बाजारातील सर्व गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. तेव्हा सर्वांच्या परताव्याची सरासरी ही बाजाराच्या परताव्याइतकीच असणार. वर्गातील काही विद्यार्थी सरासरीहून अधिक गुण मिळवतील, काही कमी. पण सारा वर्ग सरासरीच्या वर जाऊ शकत नाही. निवडक शेअर घेणारे फंड सरासरी मिळवण्यासाठी दीड-दोन टक्के खर्च करीत असतील आणि इंडेक्स फंड ती पाव टक्क्यात मिळवत असेल, तर खर्च वजा जाता बहुसंख्य निवडक फंड मागे पडणार, यात चमत्कार काहीच नाही. एस अँड पी या संस्थेचे 'स्पिव्हा' अहवाल अनेक देशांचा हा ताळेबंद वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. भारतातील मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडांपैकी निम्म्याहून अधिक दहा वर्षांच्या कालावधीत निर्देशांकाच्या मागे राहिल्याचे त्यांत दिसते. जे पुढे राहिले, तेच पुढील दहा वर्षांत पुढे राहतील याची शाश्वती नसते.

ही कल्पना सामान्य माणसापर्यंत नेणारा गृहस्थ अमेरिकेतील जॉन बोगल. त्याने १९७५ साली व्हॅनगार्ड ही संस्था काढली आणि १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड आणला. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. 'बोगलचा मूर्खपणा' अशी त्याची टिंगल झाली. विक्रेत्यांना त्यात कमिशनची संधी नव्हती, मग कोण विकणार? परंतु बोगलच्या कामातील खरी दृष्टी फंडाच्या रचनेपेक्षा संस्थेच्या रचनेत होती. व्हॅनगार्डची मालकी कोणत्याही भांडवलदाराकडे नाही. ती तिच्याच फंडांकडे, म्हणजे पर्यायाने युनिटधारकांकडे आहे. नफा मालकाला द्यायचा नसल्याने जो काही वाचतो, तो खर्च कमी करून सभासदांना परत मिळतो. सहकाराच्या मुशीत वाढलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशात गुंतवणुकीच्या क्षेत्रात सहकाराचे तत्त्व रुजले आणि ज्या प्रांतात वैकुंठभाई मेहता व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराची पायाभरणी केली, तेथे मात्र 'म्युच्युअल' हे नाव लावणाऱ्या साऱ्या संस्था भागधारकांच्या नफ्यासाठी चालतात, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. बोगल २०१९ मध्ये निवर्तला. त्याने अब्जावधींची वैयक्तिक मालमत्ता मागे ठेवली नाही. ती युनिटधारकांच्या खात्यात जमा होती, असे म्हणता येईल.

वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी लावलेली पैज प्रसिद्ध आहे. एका बाजूस एक साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूस हेज फंडांत पैसे गुंतविणारे पाच निवडक फंड. पैजेचे पहिलेच वर्ष जागतिक मंदीचे निघाले आणि इंडेक्स फंड मागे पडला. दहा वर्षांनंतर मात्र त्याचा परतावा दरसाल सुमारे ७ टक्के भरला, तर पाच फंडांची सरासरी २ टक्क्यांच्या थोडीच वर राहिली. त्या पाच फंडांत बुद्धीची उणीव नव्हती. शुल्कावर शुल्क अशी त्यांची रचना होती.

भारतात २००० च्या मार्चमध्ये यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड सुरू झाला, २००१ च्या अखेरीस 'निफ्टी बीज' हा पहिला ईटीएफ आला. परंतु पुढील दीड दशक हे फंड अडगळीतच राहिले. त्याला दोन कारणे होती. एक तर विकणाऱ्याला फारसे मिळत नव्हते. दुसरे कारण अधिक प्रामाणिक आहे. त्या काळात भारतीय बाजार आजच्याइतका खोल नव्हता, अनेक कंपन्यांचा नीट अभ्यास झालेला नसे आणि मेहनती व्यवस्थापक निर्देशांकाला मागे टाकतही असत. अर्थात त्या यशातही थोडी हातचलाखी होतीच. फंड स्वतःला मिळालेला लाभांश परताव्यात धरत आणि तुलना मात्र लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी करीत. १ फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली, तेव्हा अनेक तेजस्वी कामगिऱ्यांचे तेज एकदम उतरले.

गंमतीची गोष्ट अशी की, शेअर बाजाराचे नाव काढताच दचकणाऱ्या नोकरदार घरांचे पैसे आज इंडेक्स फंडातच आहेत. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेचा ५ टक्के भाग निफ्टी आणि सेन्सेक्सवर आधारित ईटीएफमध्ये गुंतविण्यास प्रारंभ केला. पुढे तो १० आणि नंतर १५ टक्क्यांवर नेला. देशातील कोट्यवधी श्रमिकांच्या पैशासाठी विश्वस्तांनी हुशार व्यवस्थापक शोधला नाही, स्वस्त निर्देशांक निवडला. वैयक्तिक गुंतवणूकदाराने यातून काय घ्यायचे, ते उघड आहे.

आक्षेप अनेक आहेत आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ ने पोळलेली पिढी अद्याप घराघरांत आहे. २००१ च्या जुलैमध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी गोठविण्यात आली, तेव्हा निवृत्तांच्या घरी काय कल्लोळ उडाला हे ज्यांनी पाहिले, त्यांना म्युच्युअल फंड या शब्दाचीच धास्ती वाटते. ती धास्ती समजण्याजोगी आहे. पण यूएस-६४ चा मूळ दोष हा होता की, तिच्या युनिटचा भाव आतल्या मालमत्तेच्या मूल्यावरून ठरत नव्हता. तो जाहीर केला जात होता. आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे युनिटधारकाला कळत नव्हते. इंडेक्स फंडात हे दोन्ही दररोज कळते. बाजार पडला तर युनिट पडेल; ते लपून राहणार नाही, एवढाच दिलासा, आणि तो लहान नाही.

निर्देशांकात बुडीत कंपन्याही असतात, हा दुसरा आक्षेप. असतात. सत्यम कॉम्प्युटर ही निफ्टीतील कंपनी होती. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील बनवाबनवीची कबुली दिली आणि त्याच महिन्यात ती निर्देशांकातून वगळली गेली. मार्च २०२० मध्ये येस बँकेची तीच गत झाली. इंडेक्स फंडधारकाने त्यात नुकसान सोसले, पण पन्नासातील एका कंपनीपुरते. ज्यांनी ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने केवळ तोच शेअर धरला होता, त्यांच्याशी याची तुलना करून पाहावी.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. संपूर्ण बाजारच दीर्घकाळ झोपला तर? जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षे! लाभांश आणि हप्त्याहप्त्याने केलेली खरेदी धरली तर चित्र इतके भयाण राहत नाही, तरी इशारा खराच आहे. भारतातही २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांना स्पर्श केलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये सव्वाआठ हजारांच्या खाली होता. मार्च २०२० मध्ये निफ्टी दोन महिन्यांत ३८ टक्के कोसळला. कमी खर्च या कोसळण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी एकच उपाय आहे: पाच-सात वर्षांत लागणारा पैसा बाजारात घालायचा नाही. मुलीचे लग्न दोन वर्षांवर असेल तर तो पैसा बँकेत किंवा पोस्टात असावा. बँक सहकारी असेल तर ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा ध्यानात ठेवून. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर आली, ती पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांचे हाल सबंध देशाने पाहिल्यानंतर. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, हेही विसरण्याजोगे नाही.

याच न्यायाने, पैसा कोणत्या खात्यात ठेवावा हाही खर्चाचाच प्रश्न ठरतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हे १९६८ पासूनचे खाते आजही मध्यमवर्गाचे सर्वांत प्रामाणिक खाते आहे. त्यात व्यवस्थापनाचा खर्च खातेदाराला पडत नाही, व्याज करमुक्त आहे आणि कुणालाही कमिशन द्यावे लागत नाही. कदाचित म्हणूनच ते उघडा असा आग्रह धरायला कुणी घरी येत नाही. १९८६ पासून पुढे अनेक वर्षे त्यावर १२ टक्के व्याज होते, एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. जुन्या दराच्या आठवणीत रमून हे खाते बंद करणारे पुष्कळ आहेत. पण त्या काळातील महागाई ते आठवत नाहीत. व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजले जाते, तेव्हा पैसे पाच तारखेच्या आत भरावेत, एवढी साधी गोष्टही अनेक घरांत ठाऊक नसते.

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, १ जानेवारी २००४ पासून नव्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. तिचा निधी-व्यवस्थापन खर्च सुमारे दशांश टक्क्याच्या पातळीवर राहत आला आहे. जगातील अत्यंत स्वस्त निवृत्ती योजनांत ती गणली जाते. मात्र तेथे पैसा दीर्घकाळ अडकतो आणि संचिताचा काही भाग निवृत्तिवेतनासाठी सक्तीने गुंतवावा लागतो. शिस्त नसलेल्या माणसाला ही अट उपकारक, शिस्तबद्ध माणसाला थोडी जाचक. खासगी नोकरीतील तरुणाने भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि इंडेक्स फंड या तिघांची सांगड घातली तरी त्याचे भागते. व्यवसाय करणाऱ्यास, ज्याला भविष्य निर्वाह निधी नाही, एनपीएस अधिक उपयोगी.

इंडेक्स फंडासाठी डीमॅट खाते लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. ईटीएफसाठी लागते आणि मग वार्षिक शुल्क, दलाली, खरेदी-विक्रीच्या भावांतील फरक हे सारे मागोमाग येते. दरमहा काही हजार गुंतविणाऱ्यास फंड कंपनीकडे थेट उघडलेले साधे खाते पुरते. डीमॅट खात्याचा आणखी एक धोका असा की, ते मोबाईलवर असते आणि त्याच पडद्यावर फ्युचर्स व ऑप्शन्सचे दार उघडे असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्या दारातून आत गेलेल्या व्यक्तिगत व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांनी तोटा सोसला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. घरातील तरुण मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाईलमध्ये काय पाहतो, याची चौकशी पालकांनी या अंगानेही करायला हवी.

इंडेक्स हे नाव लागले की सारे आले, असेही नाही. फंड कंपन्यांनी आता संरक्षण, पर्यटन, डिजिटल अशा अरुंद विषयांचे निर्देशांक पुढे करून त्यांवर इंडेक्स फंड काढले आहेत. ही बाजाराची सरासरी नव्हे; इंडेक्सच्या वेशातील सट्टाच तो. निफ्टी ५०, सेन्सेक्स किंवा फार तर निफ्टी ५०० यांसारखा व्यापक निर्देशांक, डायरेक्ट पर्याय, कमीत कमी खर्च आणि निर्देशांकापासून कमीत कमी ढळणारा फंड, इतके पाहिले की पुरे. फंड सतत बदलत राहू नये. जुलै २०२४ पासून इक्विटी फंडांतील वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. प्रत्येक बदल त्याला आमंत्रण देतो.

मग त्या ओळखीच्या माणसाचे काय? त्याच्यावर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये घाबरून सारे विकायला निघालेल्या कित्येक घरांना अशाच एखाद्या माणसाने फोनवर थोपवून धरले. त्या एका फोनची किंमत वर्षानुवर्षांच्या कमिशनहून अधिक भरली असेल. वयस्क, एकाकी, संगणकापासून दूर असलेल्या माणसाला अर्ज भरून देणारा, मृत्यूनंतर वारसाला पैसे मिळवून देणारा विक्रेता हवाच आहे. प्रश्न त्याच्या मोबदल्याचा नाही, मोबदला झाकलेला असण्याचा आहे. डॉक्टरांची फी दिली जाते, वकिलांची दिली जाते, सनदी लेखापालाची दिली जाते. गुंतवणुकीच्या सल्ल्याची फी धनादेशाने उघडपणे द्यायला मात्र मध्यमवर्गाचे मन तयार होत नाही. सेबीने २०१३ पासून फी घेऊन सल्ला देणाऱ्यांची वेगळी नोंदणी सुरू केली, तरी त्यांची संख्या विक्रेत्यांच्या तुलनेत नगण्य राहिली, याचे कारण ग्राहकाच्या याच मनोवृत्तीत आहे. पन्नास लाखांच्या संचितावर एक टक्का म्हणजे वर्षाला पन्नास हजार. एवढ्या रकमेचे बिल कुणी हातात ठेवले असते, तर घरात किती वेळ चर्चा झाली असती!

असे बिल खरे तर येतेच. ऑक्टोबर २०१६ पासून सेबीच्या आदेशानुसार म्युच्युअल फंडाच्या एकत्रित खातेपत्रकात दर सहा महिन्यांनी, विक्रेत्याला त्या गुंतवणूकदाराच्या पैशांवर किती रुपये दिले गेले, तो आकडा छापला जातो. योजनेच्या ज्या पर्यायात गुंतवणूक असते, त्याचा खर्चही तेथेच दिलेला असतो. हे पत्रक बहुधा ई-मेलने येते, त्याला पॅन क्रमांकाचा परवलीचा शब्द असतो आणि न उघडता ते तसेच पडून राहते. सप्टेंबरअखेरच्या सहामाहीचे पत्रक ऑक्टोबरात, दिवाळीच्या आसपास हाती पडते. मुले-सुना घरी असतात, सवडही असते. त्या दिवसांत ते एकदा सर्वांसमक्ष उघडावे, रुपयांचा तो आकडा मोठ्याने वाचावा, आणि त्याच बैठकीत प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लागले आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.